सायकलचे दुकान आणि वॉरंटीची जबाबदारी

घाटरस्ता, सातारा

सायकलच्या दुकानात वॉरंटीचा वाद मोडलेल्या फ्रेमवरून क्वचित होतो; बहुधा तो डाव्या क्रँकच्या (पेडल ज्यात बसते त्या भुजेच्या) आट्यांवरून होतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घाईत तिरके बसले किंवा अर्धवट आवळले गेले, तर पेडलचा पोलादी दांडा ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये हलत राहतो आणि थोड्याच दिवसांत आटे पार खाऊन टाकतो. ग्राहक पेडल हातात घेऊन येतो आणि माल खराब निघाला असे म्हणतो. कंपनीचे म्हणणे असते की जोडणी नीट झाली नाही, किंवा पेडल सैल झाल्यावरही सायकल चालवली गेली. क्रँक पाहून दोघांपैकी कोण बरोबर आहे हे सांगता येत नाही, कारण सुरुवात कशीही झाली असली तरी शेवटी खाल्लेले आटे सारखेच दिसतात.

हा चर्चेचा धागा काढण्याचे कारण असे की वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या आमच्या दुकानात मी गेल्या काही वर्षांत वॉरंटीची पद्धत बदलली आहे, आणि इतर दुकानदार, मिस्त्री व ग्राहक यांच्याशी त्याबद्दल बोलावे असे मनापासून वाटते. माझे मत स्पष्ट आहे. वॉरंटी कंपनीची असली तरी तिची दाद दुकानातच लागली पाहिजे. ‘कंपनीच्या क्रमांकावर फोन करा’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवणे मला मान्य नाही.

सायकल कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येत नाही. खोक्यातून ती येते तेव्हा हँडल, पुढचे चाक, सीट आणि पेडल बसवायचे असतात, आणि ब्रेक, गिअर व हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) जुळवायचे असतात. म्हणजे उत्पादनाचा शेवटचा टप्पा आमच्या दुकानात पार पडतो. म्हणून आम्ही प्रत्येक सायकलचा एक जोडणी-कागद ठेवतो. त्यावर फ्रेमचा क्रमांक (तो बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही क्रँक जिथे जोडलेल्या असतात त्या भागाच्या, खाली कोरलेला असतो), जोडणीची तारीख, कोणत्या मिस्त्रीने काम केले ते, आणि महत्त्वाचे बोल्ट किती जोराने आवळले ते लिहिलेले असते. पेडलसाठी साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर आणि स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) छोट्या बोल्टांसाठी साधारण ५ न्यूटन मीटर हे आकडे टॉर्क पान्याशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय) हाताच्या अंदाजाने साधत नाहीत, विशेषतः छोट्या बोल्टांच्या बाबतीत. सायकल नेताना ग्राहक त्या कागदावर सही करतो आणि एक प्रत घेऊन जातो. डाव्या क्रँकची तक्रार आली की हा कागद मी कंपनीला पाठवतो, आणि तो सुरू केल्यापासून माझे दावे नाकारले जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले आहे.

फ्रेम तडकली असेल तर आधी तडा नीट पाहावा लागतो. डाऊन ट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) लगेच मागे नळीला सुरकुती पडली असेल किंवा रंग फुगून उडाला असेल, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली असते, आणि बहुतेक वेळा पुढचे चाक धरणारा चिमटाही मागे वाकलेला सापडतो. याउलट वेल्डिंगच्या कडेने गेलेला तडा, ज्याचा काही भाग काळवंडलेला आणि काही भाग ताजा चकचकीत आहे, तो हळूहळू वाढत आलेला असतो; तो धातूच्या थकव्याचा तडा होय आणि त्यावर दावा करण्यात अर्थ असतो. तिसरा प्रकार सीट ट्यूबच्या तोंडाशी दिसतो. उंच माणूस सीटचा दांडा त्यावरच्या किमान खोलीच्या रेघेच्याही वर ओढतो आणि सगळे वजन नळीच्या वरच्या टोकावर येते. हा दावा कोणतीही कंपनी मान्य करत नाही, आणि माझ्या मते करूही नये. पण ती रेघ विक्रीच्या दिवशी ग्राहकाला बोटाने दाखवणे हे आमचे काम आहे.

विक्रीच्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलून घेतली पाहिजे. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरे, चेन, केबल हे झिजणारे भाग आहेत आणि ते वॉरंटीत नसतात. पहिल्या महिन्याची सर्व्हिस चुकवू नये, कारण नव्या केबल आणि स्पोक आपापल्या जागी बसून थोडे सैल होतात, आणि तेव्हाच चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढला नाही तर पुढच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. हे सगळे आनंदाच्या क्षणी बोलावे लागते, तरीही बोलावे. मूल नव्या सायकलवर बसून दुकानाबाहेर निघायच्या घाईत असते, तरी पालकांना दहा मिनिटे थांबवून घ्यावे.

माझा खरा प्रश्न मजुरीचा आहे. कंपनी दावा मान्य करते तेव्हा नवी फ्रेम पाठवते. जुन्या फ्रेमवरचे सगळे भाग उतरवून नव्या फ्रेमवर चढवण्यात मिस्त्रीचा निम्मा दिवस जातो, त्याची मजुरी आणि कधीकधी वाहतुकीचे भाडेही दुकानाच्या माथी येते. ग्राहकाकडून ते घ्यावे असे मला वाटत नाही, कारण दोष त्याचा नाही. आपण सर्वजण हे कसे सांभाळता?

चाकजोड, पुणे

धागाकर्त्यांनी आट्यांबद्दल लिहिले ते पूर्णपणे पटले. मी दुकानमालक नाही, मिस्त्री आहे, म्हणून चाकांबद्दल लिहितो, कारण वॉरंटीच्या कागदात चाकाचा उल्लेख सर्वांत मोघम असतो.

यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकांत स्पोकचा ताण असमान असतो. मागच्या चाकाच्या चेनकडील बाजूचा ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी, हे रचनेमुळेच होते. पण त्याच बाजूला एक स्पोक कडक आणि शेजारचा ढिला असेल, तर चाक फिरताना ढिला स्पोक प्रत्येक फेरीत ताणला आणि सुटला जातो आणि हबजवळच्या (चाकाच्या मध्यभागाजवळच्या) कोपरातून तुटतो. ग्राहकाला वाटते की खड्ड्यामुळे तुटला. खड्ड्याने तुटला असता तर आधी रिमवर ठोकर दिसली असती. रिम सरळ असताना कोपरातून तुटलेला स्पोक मी बांधणीचा दोष मानतो, आणि पहिला तुटला की लगेच संपूर्ण चाकाचा ताण तपासून दुकानमालकांना लेखी कळवतो. दुकानदार इथे वेळ घालवतात. एक स्पोक बदलला, पंधरा दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असे करत वॉरंटीची मुदत निघून जाते आणि मग कंपनी म्हणते की चाक दुकानात अनेकदा उघडले गेले आहे. दुसरा स्पोक तुटला की चाकाचाच दावा करावा, असे माझे मत आहे.

टॉर्क पान्याबद्दल एक सूचना आहे. तो वापरून झाल्यावर त्यावरच्या सर्वांत कमी आकड्यापर्यंत सैल करून ठेवावा आणि ठरावीक काळाने तपासून घ्यावा, अन्यथा जोडणी-कागदावरचा आकडा खरा राहत नाही.

पहाटफेरी, नाशिक

मी ग्राहक म्हणून लिहिते. माझी सायकल संकेतस्थळावरून घेतली होती, कारण माझ्या मापाची फ्रेम शहरातील एकाही दुकानात नव्हती. खोके घेऊन दुकानात गेले तेव्हा दोन ठिकाणी जोडणी करून देण्यास नकार मिळाला, तोही असे सांगून की जिथून घेतली तिथेच जा. पुढे गिअरच्या लिव्हरमध्ये दोष निघाला तेव्हा विक्रेत्याने अधिकृत दुकानातील जोडणीचा पुरावा मागितला. ज्या ग्राहकाला जोडणीच नाकारली गेली, त्याने हा पुरावा कुठून आणावा? दुकानदारांची नाराजी मला समजते. परंतु आम्ही जोडणीचे पैसे देण्यास तयार असतो.

दुसरे असे की अनेक मोठ्या कंपन्या फ्रेमवर आजीवन वॉरंटी देतात ती फक्त पहिल्या मालकाला असते, ही गोष्ट सायकल विकत घेताना मला कोणीही सांगितली नव्हती. वापरलेली चांगली सायकल घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना ही वॉरंटी हस्तांतरित होत नाही हे व्यवहाराआधी कळले पाहिजे.

घाटरस्ता, सातारा

पहाटफेरीताई, तुम्हाला जोडणी नाकारली गेली हे योग्य झाले नाही. आम्ही बाहेरून आणलेली सायकल जोडून देतो, त्याचे ठरलेले शुल्क घेतो आणि आमच्या ग्राहकाला देतो तसाच जोडणी-कागद देतो. आमची जबाबदारी आमच्या जोडणीपुरती असते आणि तसे कागदावर लिहिलेले असते. मालातील दोषाचा दावा विक्रेत्याकडेच राहतो. हे स्पष्ट असेल तर नकार देण्याचे काहीच कारण उरत नाही. उलट अशा ग्राहकांपैकी कित्येक जण पुढची सायकल आमच्याकडूनच घेतात.

न्यायवाट, कोल्हापूर

मी ग्राहक तक्रारींची प्रकरणे चालवते, म्हणून कायद्याची बाजू मांडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यात दोन निरनिराळ्या वाटा आहेत आणि सायकलच्या बाबतीत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

वस्तूत दोष आहे, ती दुरुस्त करून किंवा बदलून हवी आहे किंवा पैसे परत हवे आहेत, ही एक वाट. आटे गेलेली क्रँक, तडकलेली फ्रेम, चुकीचा चालणारा गिअर हे सगळे तिथे येते. वस्तूमुळे माणसाला किंवा अन्य मालमत्तेला इजा झाली, ही दुसरी वाट. तिला उत्पादन-दायित्व म्हणतात. ‘इजा’ या शब्दाच्या व्याख्येतून वस्तूचे स्वतःचे नुकसान वगळलेले आहे. म्हणजे क्रँक मोडली तर पहिली वाट, आणि क्रँक मोडल्याने स्वार पडून हात मोडला तर दुसरी.

दुकानदारांनी कलम ८६ अवश्य वाचावे. जो विक्रेता स्वतः उत्पादक नाही, तो कोणत्या परिस्थितीत इजेसाठी जबाबदार ठरतो हे त्यात सांगितले आहे. त्याने वस्तूत फेरफार केला आणि तोच इजेला मुख्यतः कारण ठरला, त्याने उत्पादकाच्या वॉरंटीहून वेगळी स्वतःची वॉरंटी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, उत्पादक कोण हेच कळत नाही किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचू शकत नाही, आणि, सायकलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना त्याने वाजवी काळजी घेतली नाही, अथवा उत्पादकाने दिलेल्या सूचना व इशारे ग्राहकापर्यंत पोचवले नाहीत. धागाकर्त्यांचा जोडणी-कागद आणि सीटच्या दांड्यावरची रेघ दाखवण्याची त्यांची सवय या शेवटच्या मुद्द्याला थेट उत्तर देतात. मात्र ‘आमची दोन वर्षांची गॅरंटी, कंपनीचे काहीही असो’ असे उत्साहाने बोलणाऱ्या दुकानदाराने ते बोल वॉरंटी म्हणून त्याच्यावर येऊ शकतात हे ध्यानात ठेवावे. ग्राहकाच्या बाजूनेही मर्यादा आहे. इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर कलम ८७ नुसार विक्रेत्याविरुद्ध ही कारवाई चालत नाही.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापून सदोष माल परत घेण्याचे टाळता येत नाही. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. पहाटफेरी यांच्यासाठी सांगते की ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार संकेतस्थळावरून विकणाऱ्या विक्रेत्यालाही सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. बरीचशी छोटी प्रकरणे तिथेच मिटतात.

जमाखर्च, सोलापूर

मजुरीच्या प्रश्नाची हिशेबाची बाजू सांगतो. वॉरंटीतील सुट्या भागांवर जीएसटी कसा लागतो याबद्दल केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ जुलै २०२३ रोजी १९५ क्रमांकाचे परिपत्रक काढले आहे. ग्राहकाकडून काहीही न घेता भाग बदलून दिला तर त्यावर वेगळा जीएसटी नाही. दुकानाने मागणी केल्यावर कंपनीने तो भाग मोफत पाठवला तरीही तसेच. परंतु दुकानाने स्वतःच्या साठ्यातील भाग बसवला आणि त्याची किंमत कंपनीकडून घेतली, तर तो दुकानाने कंपनीला केलेला पुरवठा ठरतो आणि त्यावर कर भरावा लागतो. कंपनीला त्याचे क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देण्यातून वजा करण्याची सोय, मिळते. किमतीऐवजी कंपनीने क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) दिली, तर दुकानाला त्या भागावर आधी घेतलेले क्रेडिट उलटवावे लागते.

मजुरीही अशीच आहे. ग्राहकाकडून न घेता ती कंपनीला आकारली, तर दुकानाने कंपनीला सेवा दिली असे धरले जाते आणि तसे बिल करावे लागते. कित्येक दुकानदार ही रक्कम पुढच्या मालातून तोंडी वळती करून घेतात. त्यामुळे वर्षाअखेरीस कंपनीकडून वॉरंटीपोटी नेमके किती येणे होते हे कोणालाच सांगता येत नाही, आणि करारात मजुरीचा दर मागायची वेळ येते तेव्हा हातात आकडा नसतो. धागाकर्त्यांनी प्रत्येक दाव्यामागे मजुरीचे बिल कंपनीच्या नावाने करावे. कंपनीने ते नाकारले तर तो नकार लेखी मिळेल.

ऱ्हाइनकाठ, जर्मनी

इथल्या व्यवस्थेची माहिती उपयोगी पडेल म्हणून लिहितो. युरोपीय संघात नव्या वस्तूतील दोषासाठी ग्राहकाला किमान २ वर्षे कायद्याने जबाबदार असतो तो विक्रेता. उत्पादकाची वॉरंटी ही त्याखेरीज दिलेली ऐच्छिक गोष्ट असते. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे सामान्यतः गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. त्यामुळे इथला सायकल दुकानदार ग्राहकाला कंपनीकडे पाठवूच शकत नाही.

मात्र त्याच कायद्याने दुकानदारालाही आधार दिला आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४५अ नुसार माल मिळाला तेव्हाच त्यात दोष असेल, तर तो दूर करण्यासाठी विक्रेत्याला आलेला खर्च तो आपल्या पुरवठादाराकडून मागू शकतो. घाटरस्ता यांनी मांडलेली मजुरीची अडचण इथे कायद्यातच धरलेली आहे. भारतात तशी स्पष्ट तरतूद होईपर्यंत करारातले कलम हाच मार्ग दिसतो.

कोकणवारा, रत्नागिरी

बॅटरीच्या सायकलींबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. २५० वॅटच्या आतली आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली सायकल नोंदणीविना चालते, त्यामुळे ती सायकलच्या दुकानात विकली जाते. परंतु तिची वॉरंटी पूर्णपणे वेगळ्या स्वभावाची आहे. फ्रेमची मुदत वेगळी, मोटारीची वेगळी, बॅटरीची वेगळी, आणि पाणी आत गेल्यास बहुधा कशालाच संरक्षण नसते. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि हवेत मीठ असते. ग्राहक जूनमध्ये सायकल पडवीत लावतो, बॅटरी रिकामी तशीच राहते, आणि गणपतीला ती काढतो तेव्हा बॅटरी चार्जच घेत नाही. लिथियमची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिचा विद्युत दाब धोक्याच्या पातळीखाली जातो आणि आतले नियंत्रक सर्किट तिला बंद करते. कंपनी याला देखभालीतील दुर्लक्ष म्हणते आणि दावा फेटाळते.

म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आम्ही प्रत्येक ग्राहकाला फोन करतो. बॅटरी साधारण अर्धी भरून, सायकलवरून काढून, घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा, एवढेच सांगतो. ज्यांना जमत नाही त्यांच्या बॅटऱ्या दुकानात ठेवून घेतो. याला वेळ लागतो, पण फेटाळला जाणार हे ठाऊक असलेला दावा भरण्यात त्याहून अधिक वेळ जातो, आणि गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

चाकजोड, पुणे

ज्यांच्याकडे महागड्या रोड सायकली येतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १ जुलै २०१९ पूर्वी बनवलेल्या ११ स्पीडच्या (मागे ११ गिअर असलेल्या) अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकांसाठी तपासणी जाहीर केली. दोन तुकडे चिकटवून केलेल्या या पोकळ क्रँक सुटत होत्या. एकट्या अमेरिकेत सुमारे ६,८०,००० क्रँक त्यात होत्या आणि सुटण्याच्या ४,५१९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तपासणीचे काम दुकानांनी करायचे होते. वॉरंटीची मुदत संपलेली असली तरी अशा तपासणीचा हक्क राहतो, हे ग्राहकांना ठाऊक नसते. सर्व्हिसला आलेल्या अशा सायकलीच्या क्रँकमागचा उत्पादन संकेत मी नेहमी वाचतो. वापरलेली सायकल घेणाऱ्यांनीही तो वाचून घ्यावा, कारण पहिल्या मालकापर्यंत सूचना पोचलेली असली तरी दुसऱ्याला ती मिळालेली असतेच असे नाही.

घाटरस्ता, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांची सूचना मी या महिन्यापासूनच अमलात आणतो. प्रत्येक मान्य दाव्यामागे मजुरीचे बिल कंपनीच्या नावाने जाईल. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे. फ्रेम, चाक आणि क्रँक बदलण्याच्या मजुरीचा दर, दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा खर्च, आणि दाव्याला उत्तर देण्याची मुदत. यातली तिसरी मला सर्वांत निकडीची वाटते, कारण शाळेला जाणाऱ्या मुलाची सायकल कंपनीच्या उत्तराची वाट पाहत दुकानात पडून राहते. तेवढ्या काळापुरती आम्ही दुकानातली जुनी सायकल वापरायला देतो, तिचेही ब्रेक आणि टायर तपासून.

न्यायवाट, एक शंका आहे. आमच्या बिलाच्या नमुन्यात फ्रेम क्रमांकासाठी रकाना नाही. तो हाताने लिहिला तर चालतो का?

न्यायवाट, कोल्हापूर

चालतो. मात्र तो ग्राहकाच्या प्रतीवर आणि तुमच्या स्थळप्रतीवर एकाच वेळी लिहा, शेजारी सही करा, आणि जोडणी-कागदावर बिलाचा क्रमांक टाका, म्हणजे दोन्ही कागद एकाच सायकलचे आहेत हे दाखवता येईल. नंतर एकाच प्रतीवर भरलेला क्रमांक आयोगापुढे टिकवणे कठीण जाते.